सोलापुरात मे महिन्यात 10 मीटर एअर रायफलचा वेग कमी-जास्त येतो. दोष प्रेशरचा की पेलेटचा (छर्‍याचा)?

आधी क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, तपासा. ट्यूबलाइटच्या लुकलुकीने आकडे भलतेच येतात. क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून 1 मीटरवर, नेमबाजीच्या रेषेत सरळ ठेवून एकाच डब्यातले 10 पेलेट सलग मारा. 0.53 ग्रॅमचा पेलेट सेकंदाला 170 मीटर गेला, म्हणजे साधारण 7.7 जूल, की उत्तम. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरचा पहिलाच शॉट जोरात जातो? मग रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, आतून गळतोय. सील बदलून घ्या. स्क्रू पिळून आकडा जुळवण्यात काही अर्थ नाही. वेग कुठल्याही क्रमाविना हलत असेल, तर पेलेटचं वजन करून पाहा.

आणि 200 बारला भरलेला रायफलचा हवेचा सिलिंडर उन्हातल्या गाडीत कृपा करून ठेवू नका. 30 अंशांचे 60 झाले की दाब 220 बारपर्यंत चढतो. त्यावर कोरलेली मुदत संपली असेल तर भरूच नका.