दहशतवादात बायका का जातात आणि अभ्यासक यावर काम कसं करतात?

एमएच्या प्रबंधासाठी विचारताय असं दिसतंय, म्हणून आधीच सांगते, "बायका का जातात" हा विषयच घेऊ नका. पुरुष का जातात हे असं वेगळं काढून कोण विचारतं?

माझा यावरचा राग जुना आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी गणपतीत पंगत उठली की चुलत सासरे राजकारण काढतात. एकदा श्रीपेरुंबुदूर निघालं, म्हणजे 1991 ची राजीव गांधींची हत्या. मी तिथल्या फोटोग्राफर हरिबाबूच्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवला (तो स्फोटात गेला, कॅमेरा वाचला). अंगावर बॉम्ब बांधून आलेली, चष्मा लावलेली धनू, हातात चंदनाचा हार. काका म्हणाले, "पोरीला कुणीतरी भरीस घातलं असणार. बाई आपणहून असं करत नाही." थोड्या वेळाने स्वातंत्र्यलढ्यातल्या क्रांतिकारक बीना दासचा विषय. 1932, कलकत्ता विद्यापीठाचा पदवीदान समारंभ, गव्हर्नर जॅक्सनवर गोळ्या, नेम चुकला, नऊ वर्षं सक्तमजुरी. तिथे मात्र "काय छातीची पोर!" हिला कोणी भरीस घातलं, असं मी विचारलं तर काकूंनी मोदक वाढून विषय मिटवला.

आपली असली की वीरांगना, परकी असली की फसवलेली. लॉरा शोबर्ग आणि कॅरन जेंट्री या अभ्यासकांनी 2007 मध्ये हेच मांडलं: अशा बाईला आई, राक्षसीण नाहीतर वेश्या ठरवतात, म्हणजे तिला स्वतःचं राजकारण असू शकतं हे मानायला नको. कोर्टही सुटलेलं नाही. राजीव गांधी हत्येच्या 1999 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दोन न्यायमूर्तींनी कटातल्या आरोपी नलिनीची फाशी कायम केली, न्या. थॉमस यांनी जन्मठेप सुचवली, त्यात तिची लहान मुलगी आणि ती कटात ओढली गेली हे मुद्दे होते. त्याच निकालात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचा दहशतवादी कृत्याचा आरोप टिकला नाही! तेव्हा आकडे मोजण्याआधी दहशतवादाची व्याख्या ठरवा.

साधनं म्हणजे निकालपत्रं, तुरुंगातल्या मुलाखती, संघटनांची पत्रकं. कैदेतली बाई "नवऱ्याने ओढलं" म्हणेल, पत्रक तिला हुतात्मा करेल. त्याच गटातल्या पुरुषांच्या जबान्या शेजारी ठेवून ताडून बघा.

हां, नायजेरियातल्या बोको हराम या दहशतवादी संघटनेने पळवलेल्या लहान मुलींच्या अंगावर बॉम्ब बांधले, तिथे जबरदस्तीच होती. आणि बीना दास नि धनू एकच, असं मी म्हणत नाही. मी तसं म्हणते असा कांगावा काकांनी केला होता.

गाईडनी "धनूमागे पुरुष कोण?" विचारलं तर हल्ल्याचा सूत्रधार शिवरासन सांगा. मग विचारा, शिवरासनमागे तमिळ वाघांचा म्होरक्या प्रभाकरन होता, तरी शिवरासनला "बिचारा फसला" का नाही म्हणत? काकांकडे उत्तर नव्हतं. गाईडनी दिलं तर मला कळवा.