जुना ट्रॅक लोडर घेताना मीटर पाहावा की पट्टे?

प्रश्न : झुडपे काढणे, जमीन समतल करणे आणि आतला कच्चा रस्ता नीट ठेवणे या कामांसाठी छोटा ट्रॅक लोडर, म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारे माती उचलण्याचे यंत्र, घेण्याचा विचार आहे. एक जुने यंत्र पाहिले. मीटरवर १,८०० तास आहेत, रंग नुकताच दिलेला आहे आणि 'यंत्र फारसे चाललेले नाही' असे विक्रेता सांगतो. तासांच्या आकड्यावर कितपत विसंबावे?

उत्तर : आकडा जरूर पाहावा, मात्र किंमत त्यावरून ठरवू नये. मऊ मातीत शांतपणे चाललेले २,५०० तास आणि खडकाळ जमिनीवर जागच्या जागी गरगर वळत काढलेले १,२०० तास यांत पहिले यंत्र बहुधा अधिक धडधाकट निघते. शिवाय मीटर बदलता येतो. आसनाची फाटलेली कडा, हातात गुळगुळीत झालेल्या दांड्या आणि पिनांच्या भोकांची झीज मीटरशी जुळते का, हे ताडून पाहावे. ताज्या रंगाचे मला तरी कौतुक वाटत नाही. गळतीचे डाग आणि वेल्डिंगचे जोड झाकण्याची ती सर्वांत स्वस्त युक्ती असते.

या यंत्राचा खरा खर्च खालच्या भागात दडलेला असतो. रबरी पट्टे वापरानुसार साधारणपणे १,२०० ते १,६०० तास टिकतात. म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा असावा : पट्टे कधी बदलले, आणि त्या वेळी दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेटही बदलले का? झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवे पट्टे चढवले, तर तेही लवकर खराब होतात. दाते हुकासारखे वाकडे किंवा टोकदार झाले असतील, पट्ट्याचे रबर चिरून आतल्या पोलादी तारा दिसत असतील किंवा रोलरच्या, म्हणजे पट्ट्याला आतून आधार देणाऱ्या छोट्या चाकांच्या, कडेने तेल झिरपत असेल, तर पट्टे, स्प्रॉकेट व रोलर यांचे आजचे दर विचारून ती रक्कम मागितलेल्या किमतीतून सरळ वजा करावी. रोलर हलवून पाहण्यासाठी यंत्र उचलावे लागले, तर खाली भक्कम आधार लावल्याशिवाय हात घालू नये.

पाहणीच्या दिवशी आपण पोहोचेपर्यंत यंत्र सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे. इंजिन गरम लागले, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन, कारण थंड इंजिन सुरू होताना लागणारा वेळ आणि निघणारा धूर बरेच काही सांगून जातात : निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर न थांबणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचे किंवा आत शिरणाऱ्या पाण्याचे लक्षण असतो. त्यानंतर अर्धा तास प्रत्यक्ष काम करून घ्यावे. थंड, दाट तेलावर दमलेला हायड्रॉलिक पंपही, म्हणजे दाबाने तेल ढकलून यंत्र हलवणारा पंपही, बरा चालतो. तेल तापून पातळ झाले की त्याची कमजोरी उघडी पडते. सपाट जागेवर सरळ नेताना यंत्र एका बाजूला ओढत असेल, तर पट्ट्यांचा ताण तपासावा; ताण ठीक असेल, तर त्या बाजूचा पट्टा फिरवणाऱ्या ड्राइव्ह मोटरवर संशय घ्यावा. ही दुरुस्ती महागडी असते.

प्रश्न : त्याच यंत्राला झुडपे कापण्याचे जोडसाधन लावता येईल का?

उत्तर : साधन अडकवण्याची जोडपट्टी जुळली म्हणजे साधन चालेलच असे नाही. त्याला मिनिटाला किती लिटर तेलाचा प्रवाह लागतो आणि यंत्र किती देते, हे दोन आकडे आधी मिळवावेत. अनेक छोट्या लोडरांचा नेहमीचा प्रवाह साधारण ६० ते ९० लिटरच्या दरम्यान असतो. जाड खोडांसाठीची साधने त्याहून अधिक मागतात आणि तेवढा प्रवाह नसेल, तर पाते फिरते खरे, पण खोडात शिरताच अडकते. वजनाचेही भान ठेवावे. पट्ट्यांच्या लोडरची नोंदवलेली उचल-क्षमता सामान्यतः यंत्र पुढे कलंडेल अशा भाराच्या ३५ टक्के धरलेली असते आणि जड जोडसाधनाचे स्वतःचे वजनही त्यातच मोजावे लागते. विक्रेत्याकडे ते साधन असेल, तर ते लावूनच चाचणी मागावी. नसेल, तर यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक टिपून उत्पादकाच्या माहितीपत्रकातून हे आकडे पाहावेत आणि तोवर विसार देऊ नये.