आईचा जवळचा चष्मा सुटला, म्हणजे डोळे सुधारले का?

प्रश्न : माझी आई 61 वर्षांची, निपाणीत विड्या वळते. दहा वर्षांपासून साखर आहे. तिला जवळचा प्लस दोनचा चष्मा होता. यंदा चष्म्याशिवायच दोरा बांधते, पण एसटीची पाटी वाचता येत नाही. इथल्या एका दुकानात यंत्रावर डोळे तपासले, तपासणारा दुसऱ्या शहरात, पडद्यावर होता. दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेदोन नंबर निघाला. भाऊ म्हणतो, करून टाकू चष्मा. बेळगावला न्यायचं तर आईची दिवसाची हजारभर विडी बुडते. काय करावं?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, नंबर बहुतेक बरोबरच असणार. एकाला पावणेदोननं भागलं की 0.57 मीटर येतात, म्हणजे चष्म्याशिवाय आईला साधारण 57 सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं. मांडीवरचं विडीचं सूप जवळपास तेवढ्याच अंतरावर असतं. दोरा दिसतो तो त्यामुळे.

यंत्रापाशी शिकलेला माणूस उभा असेल, तर लांबून काढलेल्या नंबरावर माझा राग नाही. तमिळनाडूत अरविंद नेत्रालयाची खेड्यांतली केंद्रं अशीच चालतात : तिथली मुलगी तपासते, डॉक्टर शहरातून पाहतात. पण नुसत्या मोबाइलवर अक्षरं वाचून काढलेला नंबर मी कुणालाच घालू देणार नाही.

आता खरा प्रश्न. जवळच्यासाठी प्लस लागणारा डोळा मायनसकडे गेला कसा? साठीनंतर चष्मा सुटला की घरात आनंद होतो, मला मात्र काळजी वाटते. एक कारण मोतीबिंदू : डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि डोळा लघुदृष्टीकडे, म्हणजे मायनसकडे सरकतो : जवळचं दिसतं, लांबचं धूसर. दुसरं कारण साखर : ती वाढली की भिंग फुगतं आणि नंबर हलतो. साखर स्थिरावल्यावर तो पुन्हा बदलतो, मग आज केलेला चष्मा दोन महिन्यांत निरुपयोगी. नंबराच्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

पडद्यावरचा माणूस विचारतो, 'हे बरं की ते?' आणि दमलेली बाई म्हणते, 'दोन्ही सारखंच.' समोर असलो की मी रेटिनोस्कोपचा, म्हणजे नंबर काढायच्या हातातल्या दिव्याचा, उजेड डोळ्यात टाकतो, आईनं काही बोलायची गरज नसते. बाहुलीतून परतणाऱ्या तांबड्या उजेडात मधोमध तेलाच्या थेंबासारखी सावली दिसली, की मोतीबिंदूचा संशय येतो.

अर्थात समोर बसलं म्हणजे सगळं तपासून झालं, असंही नाही. वडगावचे एक विणकर चष्मा बसत नाही म्हणून वर्षात तीनदा माझ्याकडे आले. तिन्ही वेळा मी नीट नंबर काढला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांकडे पाठवलं, तर काचबिंदू (बहुधा डोळ्याचा दाब वाढून नजर खाणारा आजार) निघाला, आणि एका डोळ्याची कडेची नजर तोवर गेली होती. ती परत येत नाही. डोळ्याचा दाब पहिल्याच दिवशी बघायला हवा होता, हे मला आजही टोचतं.

म्हणून चष्मा थांबवा. आधी रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी तपासा. मग नेत्रतज्ज्ञांकडे दाब, भिंग आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) दाखवा. साखर असलेल्यांनी पडदा दरवर्षी दाखवायचाच असतो. त्याचा फोटो लांबच्या डॉक्टरांना पाठवता येतो, मात्र मोतीबिंदू असला तर फोटो धूसर येतो. बेळगावचाच हट्ट नको, निपाणीला कोल्हापूर जवळ आहे.

चष्मा ठरला, तर तो चालताना आणि बसची पाटी वाचताना घालायचा. विड्या वळताना काढून ठेवायचा, नाहीतर आई म्हणेल नंबर चुकला.

जुना चष्मा, औषधांच्या पट्ट्या आणि साखरेचे कागद बरोबर न्या. बाहुलीचे थेंब घातले की काही तास उजेड झोंबतो, बारीक काम जमत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर आईला सुपापाशी बसू देऊ नका.