सोपस्टोनच्या जुन्या स्टोव्हला चीर गेली आहे, थंडीआधी काय तपासू?

व्हरमाँटमध्ये घेतलेल्या घरात लाकडावर चालणारा, वीसेक वर्षांचा सोपस्टोनचा स्टोव्ह आहे, वरच्या दगडावर केसासारखी चीर दिसते, तर पेटवावा का, असं तुम्ही विचारलंय. चीर डोळ्यात भरते म्हणून सगळे तिलाच घाबरतात. खरा घोटाळा बहुधा दाराची दोरी, दगडांचे सांधे नाहीतर धुराड्यात असतो.

तरी आधी चिरेचा निकाल लावू. तिच्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही, तर ती बहुधा दगडाची मूळची शीर असेल. सोपस्टोन म्हणजे शंखजिऱ्याचाच दगड, त्यात अशा शिरा भरपूर. नख अडकलं, तर रात्री थंड स्टोव्हच्या आत लखलखीत टॉर्च ठेवा, काचेवर आतून पुठ्ठा लावा, दार बंद करा आणि खोलीत अंधार करा. चिरेतून उजेडाची रेघ बाहेर आली तर दगड बदलेपर्यंत पेटवू नका. नाही आली, तर चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि हंगामभर ती पुढे सरकते का बघा.

त्याच अंधारात सांधेही तपासून होतात. जिथून उजेड येतो तिथलं सिमेंट गळालेलं असतं. सुटं झालेलं खरवडून काढा, फट ओलसर करा, स्टोव्हचं उष्णतारोधक सिमेंट दाबून भरा आणि दगडावर सांडलेलं ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळल्यावर ते निघत नाही. दगडच जागचे हलले असतील तर मात्र स्टोव्ह उलगडून पुन्हा बांधावा लागतो, ते काम जाणकारावर सोपवा.

दाराच्या खाचेत काचतंतूंची दोरी असते. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर. सहज सुटली तर तिथून फुकटची हवा आत जाते, आग आटोक्यात राहत नाही आणि दगड प्रमाणाबाहेर तापतो. आधी कडी घट्ट करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर दोरी बदला. नवीची जाडी जुनीवरून ठरवू नका, ती दबून चपटी झालेली असते. आकडा माहितीपुस्तिकेत मिळेल. खाचेतला जुना गोंद तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. दोरी ताणू नका, ताणली की बारीक होते. टोकं एकमेकांवर न चढवता भिडवा, दार बंद करून चोवीस तास वाळू द्या. नंतर चांगली आग धरली की दाराच्या कडेने आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला तर गळती तिथे आहे.

धुराडं वर्षातून एकदा तपासून घ्याच. आत 3 मिलिमीटर थर जमला की झाडायची वेळ झाली. भुसभुशीत काजळी ब्रशने निघते. डांबरासारखा चकचकीत थर निघत नाही आणि धुराड्याला आग लागायचा सगळ्यात मोठा धोका त्याचाच. तो बसतो ओल्या सरपणाने आणि रात्रभर हवा कोंडून धुमसत ठेवल्याने. ओंडका फोडून ताज्या फाकेवर मीटर लावा, ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. मेपल-ओक फोडून रचल्यावरही वर्ष-दोन वर्षं घेतात.

उन्हाळाभर बंद असलेला स्टोव्ह पहिल्याच दिवशी भरून पेटवू नका. दगडात आणि सिमेंटात मुरलेल्या ओलीची एकदम वाफ झाली की तडा जातो. पहिल्या दिवशी नुसत्या ढलप्या, दगड हाताला कोमट लागेपर्यंत; मग पूर्ण थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी थोडी मोठी, तिसऱ्या दिवशी त्याहून मोठी आग. तापल्या दगडावर पाणी सांडू देऊ नका.

ओरखडे 220 नंबरच्या आणि मग 400च्या पॉलिश पेपरने गोल फिरवत जातात; तेल-पॉलिश लावू नका, जळकट वास सुटतो. काचेला ओला कागद राखेत बुडवून घासा, भांडी घासायची आपली जुनी रीत इथे छान चालते. हिवाळ्यात तळाशी बोटभर राख राहू द्या, निखारे टिकतात. वसंतात मात्र सगळी काढा, दमट राखेने बिडाचा भाग गंजतो. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर मातीवर ठेवा, लाकडी डेकवर नको. तिच्यात निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पहिली काडी ओढायच्या आधी तो बसवा.