फेंडर या अमेरिकन कंपनीची कॉपी असलेला स्वस्त बेस गिटार घेतला तर पैसे वाया जातील का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं गिटार वाजवताय, बँडमधला बेसवाला सोडून गेला, आता तुमच्याच गळ्यात पडलंय आणि मित्र म्हणतो कॉपी घेऊ नको. मित्राचं नका ऐकू.

अहो बाजारातले निम्मे बेस फेंडरच्या एकाच डिझाइनवर बनलेत. लिओ फेंडरने १९५१ ला प्रिसिजन बेस काढला, नेकवर (म्हणजे लांब दांड्यावर) फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून ते नाव. पुढे कंपनीने बॉडीच्या आकाराचा ट्रेडमार्क मागितला तर अमेरिकेत २००९ ला तो नाकारला, म्हणजे कॉपी काढणं काही चोरी नाही. आणि स्क्वायर तर फेंडरचाच स्वस्त ब्रँड आहे.

मी म्हणेन प्रिसिजन टाइपच घ्या. एकच पिकअप (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग), तोही दोन तुकड्यांत, १९५७ पासून तसाच, त्या दोन तुकड्यांमुळे घरघर एकमेकांत मरते, डोकं न लावता आवाज बाकी बँडच्या आवाजात बसतो. फेंडरच्याच दुसऱ्या मॉडेलची, जॅझ बेसची नेक वरच्या टोकाला अरुंद, साधारण ३८ मिमी, गिटारवाल्याला ती सोपी वाटते हे खरंय, पण त्याच्या दोनपैकी एका पिकअपचा आवाज कमी केला की घरघर सुरू.

दुकानात रंग बघू नका, आधी तळवा नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची तार काही आकसत नाही, मग टोकं बाहेर येतात. माझ्या पहिल्या बेसवर तासाभरात तर्जनीच्या बाजूला ओरखडे उठले होते, मांजर पाळल्यासारखा हात, शेवटी एका रिपेअरवाल्याने ती टोकं कानशीने घासून दिली. मग सुतार फळी बघतो तसं एक डोळा मिटून नेक बघा, किंचित बाक चालतो, पीळ नको.

सगळं बजेट बेसवर उडवू नका, सेटअप (नेक, तारांची उंची वगैरे नीट जुळवून घेणं) आणि नव्या तारांना ठेवा, निम्मा फरक तिथेच पडतो. घरी गिटारचा छोटा अॅम्प हळू आवाजात चालेल पण प्रॅक्टिसला ड्रमर समोर असताना मोठा करू नका, खालची ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे फार खालच्या सुराची असते, स्पीकर फाटेल.

बाकी सनबर्स्ट रंगाचा (मधे उजळ, कडेला गडद) मिळाला तर तोच घ्या, कारण विचारू नका.