पाठीतलं मॉर्फिन आणि मुलाची सही

कॅन्सर रुग्णांचे नातेवाईक समुपदेशनाला येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: 'डॉक्टर कण्यात मॉर्फिन द्यायचं म्हणतात. रात्री झोपेत श्वास थांबला तर?' कोणी हळूच विचारतं, कोणी भांडायच्या सुरात. एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काटोलकडचे संत्रा बागायतदार. गुदाशयाचा कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात परतलेला, गाठीचा दाब थेट नसांवर. बसणं अशक्य, डाव्या पायात सतत आग. मॉर्फिनच्या गोळ्या दिवसाला २४० मिलिग्रॅमपर्यंत गेल्या होत्या. गुंगी, मळमळ, पोट साफ होत नाही, आणि एवढं करून दुखणं दहापैकी आठ. नागपुरातल्या वेदनातज्ज्ञांनी कण्यातल्या पाण्याच्या पोकळीत बारीक नळी बसवून पंपाने औषध सोडायचं सुचवलं. थोरल्या मुलाने सही करायला नकार दिला.

'ताई, मी वाचलंय. गोळीतलं ३०० मिलिग्रॅम म्हणजे पाठीतलं फक्त १. मग तिथे जराशी जरी चूक झाली तरी किती महागात पडेल?'

अशा वेळी 'काही होत नाही हो' म्हणून धीर देण्याचा मोह होतो. मी ते टाळते. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेचा तो लावत असलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते, म्हणून आधी त्याच्या विचारातलं खरं काय ते मान्य करते. त्याचा हिशेब बरोबरच होता. डॉक्टरही याच ढोबळ प्रमाणाने सुरुवात करतात. २४० मिलिग्रॅमचे ०.८ होतात, आणि पहिला डोस बहुधा त्याहून कमीच ठेवतात. चुकत होतं ते पुढचं वाक्य, जे तो बोलत नव्हता: चूक झाली तर ती कळणार नाही, आणि सही माझी असेल.

'चूक नेमकी कुठून शिरेल, ते लिहून काढू या का?' मी म्हटलं. पुढच्या भेटी बऱ्याचशा त्या कागदावरच गेल्या. तो कागद इतरांच्याही कामाचा आहे.

सगळ्यात घातक गोंधळ मिलिग्रॅम आणि मिलिलिटरचा. पंपाला जोडायची औषधाची नवी पिशवी दुप्पट तीव्रतेची आली आणि पंपाचा वेग जुनाच राहिला, तर डोस गुपचूप दुप्पट होतो. म्हणून पिशवी बदलताना नर्स आणि घरचा एक माणूस, दोघांनी मोठ्याने वाचायचं: रुग्णाचं नाव, औषध, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, तासाला किती मिलिलिटर. औषध प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, नसलेलंच हवं, कारण ती मज्जारज्जूला इजा करू शकतात. नळीच्या दोन्ही टोकांना 'पाठीची नळी' अशी ठळक चिठ्ठी लावा. ही सलाइनची नळी समजून कोणी भलतंच इंजेक्शन टोचलं तर परिणाम भयंकर होतो. व्हिन्क्रिस्टीनसारखं केमोचं औषध तिथे गेलं तर जीवच जातो.

श्वासाचं म्हणाल, तर तो मंदावण्याआधी बहुतेक वेळा गुंगी वाढते. मॉर्फिन कण्यातल्या पाण्यातून हळूहळू वर मेंदूकडे सरकतं, त्यामुळे त्रास काही तासांनी उशिराही दिसू शकतो. पहिले २४ तास रुग्णालयातच, देखरेखीखाली काढायचे ते यासाठी. घरी झोपेत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दहाच्या खाली गेला तर हाक मारून उठवा. आठच्या खाली गेला, किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर पंप थांबवा आणि १०८ ला फोन करा. पंप कसा थांबवायचा हे घरी जाण्याआधीच हाताने करून शिकून घ्या. उताऱ्याचं औषध, नॅलोक्सोन, याचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो, म्हणून डोळे उघडले तरी रुग्णालयात जायचंच. झोपेची गोळी, अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची गोळी किंवा दारू, यांची मॉर्फिनशी सांगड नको.

कागद भरला तरी मुलगा अडलेलाच होता. एका भेटीला काकांना व्हीलचेअरवर उशा लावून आणलं. आई, मुलगा, सून, सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. मी मध्येच थांबवलं. 'काका, तुम्हाला काय वाटतं?'

'पाटानं पानी देऊन रायलो होतो इतके दिवस. अर्धं वाटंतच जिरते. डाक्टर आता ठिबक लावा म्हणते, मुळाशी. मले समजलं. याले कायचं भेव वाटून रायलं?' मग मुलाकडे न बघता म्हणाले, 'सही मी करतो. दुखून मले रायलं.'

मुलगा रडला. कितीतरी वेळ. माझ्या दृष्टीने केस तिथेच सुटली. वडील पूर्ण शुद्धीत होते, निर्णय त्यांचा होता, आणि मुलाने तो न विचारताच स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. श्वास मोजण्याचं काम मात्र त्याने आनंदाने घेतलं. त्या नोंदींची पहिली वही अजून त्याच्याकडे आहे. आधी चाचणी म्हणून बसवलेल्या नळीनेच दुखणं तीनवर आलं, गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवल्या, आणि काका बसून जेवू लागले.

आता काही गोष्टी, ज्या घरोघरी सांगाव्या लागतात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, केमोनंतर प्लेटलेट्स कमी असतील, तर नळी बसवण्याआधीच सांगा. कण्यात रक्तस्राव झाला तर पाय लुळे पडू शकतात. बसलं की वाढणारी आणि आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी बहुधा कण्यातलं पाणी झिरपल्याची असते. अंगाला खाज सुटणं बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, पण कळवा. सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट फुगलं, तर थांबू नका. ताप, मान आखडणं, नळीच्या जागी लाली किंवा पू, पायात नवी कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी-शौचाचा ताबा जाणं, यांत उद्याची वाट बघायची नाही.

आपल्या उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. फुग्यासारख्या साध्या पंपाचा वेग उष्णतेने वाढतो. मे महिन्यात ४५ अंशात तो उन्हात, कारच्या डॅशबोर्डवर किंवा गरम पाण्याच्या पिशवीजवळ नको. बॅटरीच्या पंपाला जादा बॅटरी हवी, गावात वीज जातेच. पंप बंद पडला तर जांभया, घाम, जुलाब आणि उसळलेलं दुखणं दिसतं. त्या वेळी कोणती गोळी किती द्यायची, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन ठेवा.

पोटाच्या त्वचेखाली बसणारा पंप महाग असतो, आणि साधारण तीन महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित असेल तर त्याचा विचार होतो. तो ठरावीक तारखेला सुईने भरावा लागतो. ती तारीख चुकवू नका. भरताना औषध चुकून त्वचेखाली गेलं तर तासाभरात गुंगी येऊ शकते, म्हणून भरल्यावर लगेच घरी निघू नका. एमआरआयच्या टेबलावर चढण्याआधी तिथल्या माणसाला पंपाचं कार्ड दाखवा, आणि स्कॅननंतर पंप चालू आहे ना, हे तपासून घ्या.