दहावीच्या ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीत ईर्षा पेटली आहे. निरोप समारंभापर्यंत कुणाला लागणार नाही आणि सरांपर्यंत जाणार नाही अशा खोड्या सुचवाल का? (कोल्हापूर)

माझी कसोटी साधी आहे. खोडी दहा मिनिटांत पुसता आली पाहिजे आणि जिच्यावर ती झाली त्या व्यक्तीलाच ती घरी जाऊन सांगावीशी वाटली पाहिजे. या चाळणीतून तुमच्या वयात चालणाऱ्या निम्म्या खोड्या गळतात. उरलेल्यांतली सगळ्यात भारी खोडी हळद आणि खायच्या सोड्यावर चालते.

पाव कप पाण्यात एक चमचा खायचा सोडा चांगला ढवळा. कापसाची काडी त्यात बुडवून पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर दोन बोटं उंचीची ठळक अक्षरं काढा आणि पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या. कागद कोरा दिसतो. मग अर्धा चमचा हळद चार चमचे पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने कागदावर हलकेच टिपत जा. कागद पिवळा होतो आणि अक्षरं तांबूस उठतात. हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत लाल होतं. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की होतं तेच हे. वर लिंबाचा रस फिरवलात तर अक्षरं पुन्हा पिवळी होतात, म्हणजे पुरावाही गायब.

बिघडतं ते तीन ठिकाणी. सोडा जास्त झाला किंवा नीट विरघळला नाही तर वाळल्यावर पांढरी पूड चमकते आणि कागद तिरपा धरताच बिंग फुटतं. बोळा ओलागच्च असला किंवा जोरात घासला तर अक्षरं पसरतात. वहीचा गुळगुळीत कागद घेतला तर सोडा आत मुरतच नाही. सोड्याऐवजी साबणाचं पाणी चालतं, पण त्याचा डाग वाळल्यावरही दिसतो. धुण्याच्या सोड्याने रंग गडद येतो, पण तो हाताला चावतो, म्हणून नको. आणि बाकावर वर्तमानपत्र पसरा. गणवेशाला लागलेली हळद सहजी जात नाही, धुऊन उन्हात टाकली की फिकी पडत जाते.

आता हे वापरायचं कुठे? दोन तुकड्यांच्या फुटबॉल मॅचला. मॅचआधी ‘ब’ तुकडीला सांगायचं की निकाल आम्ही आधीच लिहून ठेवलाय. प्रत्यक्षात कार्डं तीन करायची: ‘अ जिंकणार’, ‘ब जिंकणार’ आणि ‘बरोबरी’. एक कंपासपेटीत, एक डब्याच्या पिशवीत, एक दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. कोपऱ्यावर पेन्सिलचा एक, दोन किंवा तीन ठिपके द्या, नाहीतर कोरे कागद तुम्हालाच ओळखू येणार नाहीत. मॅच संपली की फक्त बरोबर असलेलं कार्ड काढायचं आणि हळद त्यांच्याच कॅप्टनच्या हातात द्यायची. टायब्रेकर ठरलेला असेल तर दोन कार्डं पुरतात. जादूगारांची ही जुनीच युक्ती आहे. तिचं मर्म इतकंच की ‘भविष्य कुठे ठेवलंय’ हे आधी कुणाला कळू द्यायचं नाही. तुमच्यातला एखादा बोलघेवडा ‘दप्तरात आहे’ म्हणाला की संपलं. हरलात तरी ही खोडी चालते, उलट जास्त चालते, कारण ‘ब जिंकणार’ हे तुम्हीच आधी लिहिलेलं असतं.

फुटबॉलवरून आठवलं, शिवाजी पेठ-मंगळवार पेठ या फुटबॉलमधल्या चुरशीचा विषय वर्गात आणू नका. शाहू स्टेडियमवरच्या मॅचची ईर्षा मोठ्या माणसांची असते. इथले संघ तालमींचे, त्यामुळे तालमीचं नाव तुमच्या फलकावर आलं की गंमत तुमच्या हातात राहत नाही.

‘ब’ तुकडीतल्या एखाद्याच्या वाढदिवसाचा गमतीचा फलक मात्र हवाच, कोल्हापुरात फलकाशिवाय वाढदिवस होत नाही. रस्त्यावर लावू नका. तिथे महापालिकेची परवानगी लागते आणि 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. वर्गात ए-3 आकाराचा, म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटरचा प्रिंट पुरे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा फुटतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरी टाईप केलेला मजकूर दुकानातल्या संगणकावर उघडला की जोडाक्षरं तुटतात, कारण तिथे बऱ्याचदा वेगळा फॉन्ट असतो. पीडीएफ करून न्या किंवा तिथेच टाईप करून घ्या, आणि छापण्याआधी स्क्रीनवर एकदा मोठ्याने वाचा.

मजकुरात थाट खरा पाहिजे आणि कर्तृत्व किरकोळ: ‘मधल्या सुट्टीचे आधारस्तंभ, दुसऱ्याच्या डब्यासाठी सदैव तत्पर’. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तुमचेच चेहरे गॉगल लावून, उत्सवमूर्तीपेक्षा जास्त संख्येने. हसू तुमच्यावरही वाटलं जातं, म्हणून तो फलक कुणाच्या मनाला लागत नाही. रंग, जाडी, मार्क, जात, वडिलांचा धंदा आणि मुलींची नावं यातलं काहीही नको. चिकटवायला कागदी मास्किंग टेप घ्या, साध्या चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघतो आणि प्रकरण थेट ऑफिसात जातं.

सायकलची हवा सोडायची खोडी मला बिनडोक वाटते. बसलेल्या टायरवर कुणी सायकल दामटली की वॉल्व्हपाशी ट्यूब फाटते आणि पंक्चरवाला पैसे घेतो. त्यापेक्षा सायकलची बुलेट करा. जुन्या पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान मागच्या चाकाच्या मडगार्डच्या काडीला कपड्याच्या चिमट्याने लावा, चेनच्या विरुद्ध बाजूला. पानाचं टोक स्पोकमध्ये फक्त एक सेंटिमीटर जाऊ द्या. जास्त गेलं तर पान दुमडून गप्प बसतं. 26 इंची चाक, 36 स्पोक आणि ताशी 10 किलोमीटर वेग धरला तर सेकंदाला साधारण 48 ठोके पडतात, आणि गेटबाहेर पडेपर्यंत सगळी शाळा वळून बघते. चिमटा दोऱ्याने काडीला बांधा, सुटून स्पोकमध्ये जायला नको. पुढच्या चाकाला हे कधीच करू नका, तिथे काही अडकलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. ब्रेकला आणि सीटच्या नटाला हात लावायचा नाही.

खुर्ची मागून ओढणं, डब्यात गुपचूप तिखट घालणं, फटाके, निकालाचा किंवा घरी अपघात झाल्याचा खोटा फोन: हे सरळ बाद. खुर्चीने माकडहाड मोडू शकतं. खाजकुयलीही नाही. तिच्या शेंगेवरची बारीक लव कातडीत रुतते आणि डोळ्यात गेली तर दवाखाना गाठावा लागतो. कुणी लावलीच तर खाजवायचं नाही आणि चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढत लव काढायची, मग धुवायचं.

ईर्षा मिटवायला मिसळीची पैज ठेवा, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि ज्याची तयारी आहे त्याच्यापुरतीच. दोघांना सारखाच कट, जो आधी पाण्याला हात लावेल तो हरला. पाण्याने तिखट शमत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतं मात्र. दही किंवा दूध हाताशी ठेवा, त्यातलं केसिन हे प्रथिन ते धरून नेतं. ज्याला आम्लपित्त आहे किंवा दमा आहे त्याला पंच करा. बिल हरणाऱ्या तुकडीने भरायचं, आणि जादा ब्रेडचे पैसे कुणाचे हे बसायच्या आधी ठरवा, भांडण नेमकं तिथेच होतं.